दक्षिणेच्या खुणा

४ जानेवारी

हे पत्र ताई वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांच्याशी दोन शब्द. ताई, तुमचा भाऊ फोनवर नुसतं "हं" म्हणतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याच्या "हं"चे सगळे प्रकार मला कळतात, पण हा नवाच आहे, त्यातून काही निघत नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. वाचताना काही गाळू नका. एखादी ओळ टोचली तर ती तुमच्यासाठी नाही, शेजारी बसलाय त्याच्यासाठी आहे असं समजा.

आता तुला. कामाचं आहे, घाबरू नकोस.

यान गेलं. ठरल्याप्रमाणे त्याला त्या अवाढव्य ग्रहाच्या ढगांत सोडून दिलं आणि थोड्या वेळाने त्याच्याकडून काही यायचं थांबलं. मोठ्या खोलीत सगळे उभे होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. यानाचा कॅमेरा सांभाळणारा आपला कॅमेरावाला भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी घड्याळ बघितलं, कॅन्टीन बंद व्हायच्या आत खाली पोचता येईल का म्हणून. मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं नाही याचंही वाईट वाटलं नाही.

आता जे फोटो आलेत तेवढेच. चार बर्फाळ चंद्रांपैकी तिघांचे नकाशे छापायला गेले. आपला राहिलाय. आपल्या विभागाच्या मोठ्या बाईंनी मार्चअखेर तो बंद करायचं ठरवलंय. त्यानंतर आपली खोली दुसऱ्या कुणाला मिळणार आहे आणि मला कुठलं टेबल मिळेल ते मी अजून विचारलेलं नाही. उत्तर गोलार्ध नीट आहे, तो आपण दोघांनी केला. मधला पट्टा मी पहिल्यापासून पुन्हा करतेय, होत आलाय. राहिली दक्षिण. ती सगळी तुझी आहे, मी तिला हातही लावलेला नाही, आणि अख्खी दक्षिण नव्याने करायला आता वेळ नाही.

बाई म्हणतात, दक्षिणेपुरतं एका माणसाच्या खुणांवर चालवून घेऊ, पण त्या खुणा करताना त्या माणसाची नजर चांगली होती असं मला लिहून द्यावं लागेल. म्हणून एकच विचारते. तुझ्या डोळ्यांचं कधीपासून सुरू झालं? नेमका दिवस नको, आठवडा सांगितलास तरी पुरे. त्याच्या आधीच्या खुणा राहतील, नंतरच्या जातील. तू काहीच सांगितलं नाहीस तर सगळी दक्षिण नकाशात करड्या रंगात जाईल, म्हणजे इथलं आम्हाला काही माहीत नाही असं.

बाकी काही विचारत नाही. इथे थंडी आहे. तिथेही असेल.

मी


१९ जानेवारी

तुझं उत्तर नाही. ताईंची चिठ्ठी मात्र आली. पत्र ऐकलंस, उठलास, कप धुऊन ठेवलास आणि गॅलरीत जाऊन बसलास, असं त्या लिहितात. कप धुतलास हे वाचून बरं वाटलं. इथे कधी धुतल्याचं आठवत नाही.

ताईंनी विचारलंय, या खुणा खुणा म्हणजे काय प्रकार आहे. ताई, तुम्ही आयुष्यभर कपडे शिवलेत, तुम्हाला लगेच कळेल. चौकड्यांचं कापड असलं की तुम्ही शिवणीवर रेघेला रेघ जुळवता, नाहीतर सदरा वाकडा दिसतो. आमचंही तेच. यान चंद्राजवळून जाताना थोडाथोडा भाग टिपतं, कधी सरळ वरून, कधी तिरकं. एकच खड्डा पाच फोटोंत पाच तऱ्हांनी दिसतो. तो ओळखायचा आणि प्रत्येक फोटोत त्याच्या बरोबर मध्यावर खूण करायची. अशा हजारो खुणा झाल्या की फोटो काढताना कॅमेरा नेमका कुठे बघत होता याचा हिशेब कॉम्प्युटर मांडतो, आणि मग तुकडे जोडले जातात. इथे खूण केसभर सरकली तर तिथे अख्खी दरी सरकते.

हे सगळं कॉम्प्युटरच का करत नाही, असंही तुम्ही विचारलंत. बाकीच्या चंद्रांवर करतो. आपल्या चंद्रावर बर्फात भेगाच भेगा आहेत, एकीसारखी दुसरी, आणि ऊन कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने. ऊन फिरलं की खड्डा टेकडीसारखा दिसायला लागतो. कॉम्प्युटर फसतो, शिकलेली माणसं फसतात. तुमचा भाऊ फसत नसे. ऑफिसात त्याला सगळे घार म्हणायचे ते काही नाकावरून नाही.

नियम असा होता की एकाच्या खुणा दुसऱ्याने न बघता पुन्हा करायच्या आणि मग दोन्ही ताडून बघायच्या. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसायचो. सकाळी घरी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी खुणांत फरक निघत नसे. शेवटी बाईच म्हणाल्या की तुम्हा दोघांचं ताडून बघण्यात वेळ कशाला घालवायचा, तुम्ही आपापलं वेगवेगळं करा. आम्हाला तेव्हा कोण अभिमान वाटला. केक आणला होता, सगळ्यांना वाटला.

घरात आता मला एकेक दिसतं. गॅसच्या बटणावर तू नेलपॉलिशचा ठिपका दिलायस. वाचायच्या दिव्यात डोळे दिपवणारा बल्ब लावलायस. चहाचा डबा चौकोनी, साखरेचा गोल, मिठाचा उभट, हे सगळं तू मागच्या वर्षी आणलंस. मला वाटलं, वय वाढतं तसा माणूस नीटनेटका होत असेल. शेजारणीला बोलावून कौतुकाने दाखवलं होतं.

तारखेचं बघ.

मी


८ फेब्रुवारी

ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, ते बर्फाच्या भेगांचं त्याने दोनदा वाचायला लावलं, तारखेचं आलं की मात्र खाकरतो. ठीक आहे. मग आधी बर्फाचं सांगते.

मधला पट्टा मी संपवला. त्या लांब दुहेरी भेगेचे दोन्ही काठ आता शेवटपर्यंत जुळलेत. काठाला बर्फ निळसर आहे, आत गेलं की मळकट तांबूस. तुझे ते दोन खड्डे, मध्ये एकच भिंत असून एकमेकांकडे पाठ केलेले, ज्यांना तू दोघी जावा म्हणायचास, ते नीट बसलेत. नामकरण समिती त्यांना काहीतरी भारदस्त नाव देईल. बाईंनी परवा भर बैठकीत त्यांना चुकून दोघी जावा म्हटलं आणि कोणी हसलं नाही, म्हणजे सगळेच तसं म्हणत असणार.

आता दुसरं. ताईंनी तुला विचारलं असेल की घर का सोडलंस, आणि तू "हं" म्हणाला असशील. तेव्हा मीच सांगते. ताई, चहा करून घ्या, लांब आहे.

माझी आई गेल्यावर महिनाभराने मी कामावर परत गेले. तोवर याने एकट्याने दक्षिण संपवली होती. मधला पट्टा आम्ही वाटून घेतला. यान चंद्राजवळ येतानाचे फोटो त्याचे, दूर जातानाचे माझे. ऑक्टोबरात दोन्ही जोडायला घेतले तर शिवण जमेना. त्याचे तुकडे माझ्या तुकड्यांपेक्षा केसभर डावीकडे. सगळेच, अगदी एकसारखे. कोणीही विचारलं असतं की दोघांपैकी चुकतंय कोण. मी काय केलं, तर कॅमेऱ्याला दोष दिला. इतकी वर्षं थंडीत राहून कॅमेऱ्याची बैठक वाकली असणार, असं मी ठरवूनच टाकलं. कॅमेरावाला शपथेवर सांगत होता की माझा कॅमेरा जागचा हललेला नाही. आमचं चांगलंच वाजलं, तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी हिशेबात कॅमेऱ्याचा कोन जरासा फिरवला आणि सगळं चपखल बसलं. चपखल बसलं म्हणून ते खरं मानलं. तुझी खूण चुकली असेल हे माझ्या मनाला शिवलं नाही. मी अख्खं यान वाकवलं, पण तुला हात लावला नाही.

नोव्हेंबरातल्या बैठकीत मी ते सगळ्यांसमोर मांडलं. तक्ते दाखवले, आकृत्या दाखवल्या, कॅमेरावाल्याच्या प्रश्नांना फाडफाड उत्तरं दिली. तू दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होतास. माझं सगळं बोलून झाल्यावर तू उठलास.

"कॅमेरा ठीक आहे," म्हणालास. "माझे डोळे गेलेत."

इतकंच बोलून खाली बसलास. कॅमेरावाला जिंकला होता, पण त्यानेच मान खाली घातली. मी म्हटलं, तक्ते सगळ्यांना मेलवर पाठवते, आणि प्रोजेक्टरची वायर काढली. संध्याकाळी घरी आले तर तू बॅग भरत होतास. मी विचारलं, टॉवेल घेतलास का. तू हो म्हणालास. आपलं समोरासमोरचं शेवटचं बोलणं ते.

राग येतो का, असं ताईंनी फोनवर विचारलं. येत नाही. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो ना, आपलाच गाल पण चावला तरी कळत नाही, तसं आहे. जेवते, झोपते, ऑफिसात जाते. एवढं मात्र म्हणेन की तू जे बैठक संपताना बोललास ते बैठक सुरू होताना बोलता आलं असतं. त्याच्या महिनाभर आधी घरी बोलता आलं असतं, जेव्हा मी स्वयंपाकघरात टेबलावर कागद पसरून तुला कॅमेरा कसा वाकलाय ते दाखवत होते आणि तू "अच्छा" म्हणत होतास.

मी


२७ फेब्रुवारी

बाईंनी आज बोलावलं होतं. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या की त्याच्या उत्तराची वाट कशाला बघायची. दक्षिणेच्या कामातला दर आठवड्याचा एकेक खड्डा घे, त्याची खूण झाक, तुझी कर, आणि ताडून बघ. कुठून सरकायला लागली ते आपोआप दिसेल. मी म्हटलं, नाही जमणार, दक्षिणेचे फोटो तितके स्पष्ट नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बरं म्हणाल्या.

खोटं बोलले. फोटो स्वच्छ आहेत. थोड्या दिवसांचं काम आहे आणि ते करता येतं हे मला पहिलं पत्र लिहिण्याआधीपासून माहीत आहे. तुलाही माहीत असणार, तू काही कालचा नाहीस. तरी मी तुला विचारत बसले आहे, कारण मला तुला मोजायचं नाही. पूर्वी खुणा ताडून बघायचो ते दोघांनी मिळून. हे म्हणजे तू झोपलेला असताना तुझे खिसे तपासण्यासारखं आहे. तू स्वतः सांगावंस असं मला वाटतं. का वाटतं ते बाईंना सांगता येण्यासारखं नाही, म्हणून फोटोंवर ढकललं. त्या मार्चच्या मध्यापर्यंत थांबतील.

तुला आठवायला मदत करते. दक्षिण तू मागच्या फेब्रुवारीत सुरू केलीस आणि जूनमध्ये संपवलीस. त्याच महिन्यांत आई हॉस्पिटलात होती आणि मी तिच्यापाशी. पहिल्या आठवड्यात तू रोज यायचास. मग दिवसाआड आलास, मग रविवारी, मग नुसता फोन. नर्सने एकदा विचारलं, तुमचे साहेब बाहेरगावी असतात का. मी हो म्हटलं. आई गेली त्या दुपारी तू ऑफिसात होतास. मी तीनदा फोन लावला. फोन टेबलावर पालथा ठेवून खुणा करत होतो, असं तूच नंतर सांगितलंस. मामा विचारत होता, जावई कुठे आहेत. मी म्हटलं, वाटेत आहेत. मामा दोन वेळा जिन्यापर्यंत बघून आला.

यावर मी कधी बोलले नाही आणि आताही बोलत नाहीये. ते महिने तुझ्या डोळ्यांसमोर यावेत एवढ्यासाठी लिहिलं.

डोळ्यांसमोर हा शब्द चुकून गेला. ताई, तो वाचला असलात तर असू दे.

मी


११ मार्च

ताई लिहिते आहे, मी सांगतो आहे. तिला बजावलंय की सुधारायचं नाही.

तुझ्या आईंना ऍडमिट केलं तो आठवडा. त्याआधीही थोडं धूसर असेल, पण ते मी चष्म्यावर ढकलत होतो. खरं कळलं ते त्या आठवड्यात. तू खाली चहा आणायला गेली होतीस. मी वॉर्डात आलो, आईंच्या पलंगापाशी बसलो, त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, काळजी करू नका, मी आहे. त्यांनी माझा हात दाबला. मग तू चहा घेऊन आलीस आणि दोन पलंग पलीकडून मला हाक मारलीस.

मी दुसऱ्याच बाईंचा हात धरून बसलो होतो. तू हसलीस. नर्सला म्हणालीस, यांचं असंच आहे, त्या आजींकडे कोणी येत नाही म्हणून बसले असतील. मी हो म्हटलं.

(इथे तो उठला, कप धुऊन ठेवला आणि परत येऊन बसला. ताई.)

सरळ बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी पुसून काढल्यासारखं दिसतं. कडेकडेने दिसतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेलाय, तो परत यायचा नाही. ते मी एकटा जाऊन ऐकून आलो. तुला तेव्हा आईंचं होतं. त्यातून मोकळी झालीस की सांगू म्हटलं. मग मोकळी झालीस ती अशी झालीस की सांगवेना. हॉस्पिटलात यायचं टाळलं, कारण तिथे सगळे पलंग सारखे.

तू कॅमेऱ्याला दोष दिलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. महिनाभर वाटत होतं, कदाचित खरंच कॅमेरा असेल. ताई, हेही लिही, खोडू नकोस.

दक्षिण सगळी टाकून द्या. त्या आठवड्यापासूनची एकही खूण ठेवू नका. मोजून बघायची गरज नाही, मी सांगतोय ना.


२८ मार्च

ताई, हे सावकाश वाचा.

तुझं पत्र मी ओट्याशी उभ्याने वाचलं. दुसऱ्या पलंगाचं वाचून आधी हसूच आलं. खरंच हसले, मोठ्याने, एकटी. मग त्या आजी आठवल्या. निळी शाल, हाताला सलाईनची पट्टी. त्यांनी तुझा हात दाबला होता. मग मी खाली फरशीवर बसले.

तू मोजू नका म्हणालास. मी मोजलं. तू स्वतःहून सांगितल्यावर मोजायला काही वाटलं नाही. बाईंना सांगितलं की फोटो चांगले आहेत, मी खोटं बोलले होते. त्या म्हणाल्या, माहीत होतं.

दर आठवड्यातला एकेक खड्डा घेतला. तुझी खूण झाकली, माझी केली, मग झाकण काढलं. ज्या आठवड्यात तू आजींचा हात धरून बसला होतास त्या आठवड्यातली तुझी खूण माझ्या खुणेवर बरोबर बसली. पुढच्या आठवड्यातली बसली. त्याच्या पुढचीही. मार्च, एप्रिल, मे, सगळ्या. मला वाटलं, मीच पुन्हा तुला सांभाळून घेतेय. म्हणून कॅमेरावाल्याला बोलावलं आणि त्याला करायला बसवलं. त्याला तुला सांभाळून घ्यायचं काही कारण नाही. त्याचंही तेच आलं.

त्याने खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला की कडेच्या नजरेने असं काम होऊ शकतं, पण मान वाकडी करून, चित्र मोठं करून, पुन्हा पुन्हा बघून. आपल्याला एका खुणेला लागतो त्याच्या दसपट वेळ लागत असणार.

"इतका वेळ याने आणला कुठून?" म्हणाला.

मला माहीत आहे कुठून आणलास. हॉस्पिटलातून आणलास. भेटीच्या वेळांमधून आणलास, रविवारांमधून आणलास, आणि आई गेली त्या दुपारीही तेच करत होतास. त्या दुपारची एक खूण मी मुद्दाम काढून बघितली. ती अगदी बरोबर आहे.

खुणा सरकायला लागतात त्या आई गेल्यानंतरच्या आठवड्यात. त्याच्या आधीची एकही नाही. तेव्हा तू ऑफिसातून लवकर यायला लागला होतास. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे आणि तू पलंगाच्या कडेला नुसता बसायचास. कधी पाय चेपायचास. दक्षिणेच्या टोकाचं काम तेवढं राहिलं होतं, ते तू सकाळच्या वेळात घाईघाईने उरकलंस, आणि ते सगळं डावीकडे गेलं. पुढे मधल्या पट्ट्याचंही तसंच झालं, कारण तेव्हाही तू माझ्याबरोबर घरी निघायचास. जेवढे आठवडे तू माझ्याजवळ होतास तेवढेच चुकलेत.

बाईंना लिहून दिलं. दक्षिण राहिली, तुझ्या नावाने राहिली. टोकाभोवतीची पट्टी तेवढी करडी गेली. आज नकाशा बंद झाला. सगळे म्हणाले, एवढीशीच गेली, थोडक्यात निभावलं. मीही हो म्हटलं. त्या सगळ्या चंद्रातलं माझ्यासाठी जपून ठेवावं असं तेवढंच होतं, ते मी माझ्या हाताने पुसलं.

ताई, तुम्ही रागाचं विचारलं होतंत. आलाय. नकाशा बंद करून घरी आले, चपला काढल्या आणि आला. अजून गेलेला नाही.

तू चुकायला हवं होतंस. सगळी दक्षिण डावीकडे गेली असती तरी मला चाललं असतं. कोण जाणार आहे तिथे राहायला? तू हॉस्पिटलात यायला हवं होतंस. दुसऱ्याच्या पलंगापाशी बसला असतास तर मी तुला हाताला धरून आईच्या पलंगापाशी आणलं असतं. रोज आणलं असतं. नाहीतरी शेवटी शेवटी आईही कोणाला ओळखत नव्हती. तुमचं दोघांचं छान जमलं असतं.

शनिवारी येते. बस दुपारी पोचते. तुला न्यायला येतेय असं समजू नकोस आणि भांडायला येतेय असंही समजू नकोस, दोन्ही होऊ शकतं. ताई, बेल वाजली की तुम्ही उठू नका, तुमचं शिवण चालू द्या. दार तू उघड. मी आहे हे मी आधी बोलून सांगेन.